हंगामभराचं टोकन

सरांच्या केबिनचं दार वाजवलं की आतून "या" असं कधी येत नसे. "कोण?" असं यायचं. आपल्याकडे या प्रश्नाला पिढ्यानपिढ्या एकच उत्तर आहे, "मी." त्यावर सर आतूनच म्हणायचे, "मी तर सगळेच असतात. नाव सांगा." चहावाला नाव सांगून आत यायचा. वीजबिल वाटणारा नाव सांगून बिल टाकायचा. सरांच्या पत्नी दुपारी एक वाजता डबा घेऊन यायच्या, त्यांनाही सूट नव्हती. एकदा त्या वैतागून म्हणाल्या, "अहो, वीस वर्षांचा संसार झाला. आवाज ओळखू येत न्हाई का?" सर म्हणाले, "येतो. पण आवाज काय, कुणालाही काढता येतो." त्या डबा घेऊन तशाच घरी गेल्या. सरांनी त्या दिवशी दोन ग्लास पाणी पिऊन क्लास घेतला. विषय होता, कॉम्प्युटरची सुरक्षितता.

चौसाळ्याला हायवेच्या कडेला, खताच्या दुकानाच्या वर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. देशाचे दरवाजे उघडले असं पेपरात छापून येऊन दहा-बारा वर्षं झाली होती, आणि त्या दारातून आत शिरलेल्या वस्तू एव्हाना आमच्याकडं पोचायला लागल्या होत्या. रसवंतीच्या टपरीत मोबाईलचं रिचार्ज मिळायचं. सलूनवाल्यानं पाटीवर नावापुढं 'डॉट कॉम' लिहून घेतलं होतं. का, ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी औरंगाबादेत डिप्लोमा करून आले होते आणि सरांकडे शिकवायला आणि प्रोग्राम लिहायला होते. मुलाखतीत सरांनी मला एकच विचारलं. "समजा तुझा सख्खा भाऊ आला आणि म्हणाला, सरांनी किल्ली मागितलीय. देशील?" मी म्हटलं, "भाऊ नाहीये मला." सर म्हणाले, "उत्तम," आणि मला नोकरी मिळाली.

त्याआधी सर एसटीत होते, तिकीट तपासनीस. रस्त्यात हात करून गाडी थांबवायची, मागच्या दारातून चढायचं आणि शेवटच्या बाकापासून पहिल्या बाकापर्यंत माणसांकडं न बघता नुसत्या हातांकडं बघत जायचं. "चेहरा बघितला की माणूस फसतो," ते म्हणायचे. "म्हाताऱ्याचा चेहरा केविलवाणा असतो, पुढाऱ्याचा रागीट असतो, बाईचा रडवेला असतो. तिकिटाला चेहरा नसतो." नारायणगडच्या जत्रेला जाणाऱ्या गाडीत त्यांनी खुद्द सासऱ्याला विनातिकीट धरलं, ही गोष्ट चौसाळ्यात सगळ्यांना पाठ होती. सासरे म्हणाले, "जावईबापू, आवो मी हाय!" कंडक्टर म्हणाला, "साहेब, घरचेच हायेत." सरांनी सासऱ्यांचं पूर्ण नाव, गाव, वय विचारून पावती फाडली, ती त्यांच्या हातात दिली आणि मग वाकून नमस्कार केला. आधी नाही. पुढं दोन दिवाळ्या सरांच्या पत्नीला माहेरचं बोलावणं आलं नाही. सरांचं म्हणणं, पावतीवर नावाचं शुद्धलेखन अगदी बरोबर होतं, मग तक्रार कशाची?

अशा माणसाला कॉम्प्युटरचं वेड लागणं अटळ होतं. सुट्टीच्या दिवशी औरंगाबादला जाऊन ते शिकले आणि नोकरी सोडून चौसाळ्याला क्लास काढला. कॉम्प्युटरबद्दल ते एखाद्या सज्जन वरिष्ठाबद्दल बोलावं तसं बोलायचे. "त्याला जात नाही, गाव नाही, पाहुणेरावळे नाहीत. बरोबर सांगितलं तर काम करतो. चूक सांगितलं तर नाही म्हणतो. असा माणूस मी अख्ख्या नोकरीत पाहिला नाही."

मग आमच्याकडं एका साखर कारखान्याचं काम आलं. कारखान्याचं नाव घेत नाही. कुणाला ते आपल्याच कारखान्याचं वाटलं तर माझा इलाज नाही. शेजारच्या कारखान्यानं वेबसाईट काढली म्हणून यांनाही हवी होती. पहिल्या पानावर चेअरमनसाहेबांचा फोटो, दुसऱ्या पानावर चेअरमनसाहेबांचा फेटा बांधलेला फोटो आणि तिसऱ्या पानावर 'संपर्क', एवढीच मागणी होती. सरांनीच त्यांना पटवलं की यात उसाच्या तोडीची यादी टाका. ज्यानं आधी उसाची लागण केली त्याचा ऊस आधी तोडायचा, असा कारखान्याचा नियम होता. पण यादी मुख्य ऑफिसातल्या एका वहीत असायची आणि त्या वहीला रबर फार जवळ असायचा. यादी कॉम्प्युटरवर आली की गावोगावच्या गट ऑफिसांतून ती बघता येईल. वजनकाट्यावर उसाची गाडी आली की तिथला कॉम्प्युटर मुख्य कॉम्प्युटरला आपला आपण विचारेल, हा ऊस कुणाचा, याची पाळी आज आहे का? पाळी असेल तरच वजन होईल.

चेअरमनसाहेबांना हे आवडलं. निदान त्यांनी मान हलवली.

काम झालं आणि सर पाहणीला निघाले. पहिल्याच गट ऑफिसात त्यांना घाम फुटला. तिथले कारकून शिवलिंगअप्पा, कपाळाला भस्माचे तीन पट्टे, घरचं किराणा दुकान, मोठा नेमस्त माणूस. त्यांनी पासवर्ड सुंदर अक्षरात कागदावर लिहून, वर 'श्री' काढून, कागदाला हळद-कुंकू वाहून तो कॉम्प्युटरच्या कपाळावर चिकटवला होता. पासवर्ड म्हणजे चेअरमनसाहेबांचं नाव. सगळ्या गट ऑफिसांचा तोच. काट्यावरच्या प्रोग्राममध्येही तोच घातलेला. ऑफिसात उसाची पाळी विचारायला येणारं कुणीही तो मोठ्यानं वाचू शकत होतं, आणि दोन म्हातारे वाचतही होते.

"अप्पा, हे काय?"

"इसरायला होतंय, सायेब. अन् चेअरमनसायबाचं नाव हाय, झाकून ठिवलं तर बरं दिसन का?"

सर परत आले ते थेट कामाला लागले. पंधरा दिवसांत आम्ही सगळी व्यवस्था बदलली. मग कारखान्याच्या सभागृहात सगळ्या कारकुनांना बोलावून सरांनी ती समजावून सांगितली. मी फळ्यावर आकृत्या काढत होते, पण आकृत्यांकडं कुणी बघत नव्हतं.

"तुम्ही गाडीत चढता," सर म्हणाले. "कंडक्टरला एकदाच सांगता, कुठून कुठं. तो तिकीट देतो. पुढं कुणी विचारलं तर तुम्ही आपली कुळकथा सांगत नाही, तिकीट दाखवता. आणि चौसाळ्याचं तिकीट काढून बीडला उतरता येत नाही. तसंच हे टोकन. प्रत्येकाचा पासवर्ड आता वेगळा. तो एकदा द्यायचा. मुख्य कॉम्प्युटर यादीत नाव बघतो आणि टोकन देतो, अक्षरांची एक लांबलचक माळ. त्यात तीन गोष्टी असतात. तुम्ही कोण, तुम्हाला काय करायची मुभा, आणि कधीपर्यंत. खाली मुख्य कॉम्प्युटरची सही. माळेतलं एक अक्षर कुणी बदललं तर सही जुळत नाही. पुढं दर प्रश्नाबरोबर तुमचा कॉम्प्युटर हे टोकन दाखवणार. काट्याचाही दाखवणार. फोनची लाईन दहादा तुटली तरी बिघडत नाही, टोकन तुमच्याजवळच आहे. दोन तासांनी ते मरतं. मग पुन्हा पासवर्ड."

"मरतंय?" अप्पांनी हात वर केला. "कावून? काय झालतं त्याला?"

"चोरीला गेलं तर चोराला दोनच तास मिळावेत म्हणून."

"पर सायेब, चोर हितं येतोय कशाला? ऊस का खिशात घालून नेणार हाय?"

सगळं सभागृह हसलं. सर हसले नाहीत. "ऊस नाही, अप्पा. उसाची पाळी नेईल."

इतका वेळ ज्यांना काही कळलं नव्हतं, त्यांना ते वाक्य मात्र नीट कळलं.

हंगाम सुरू झाला आणि टोकन चाललं. कुरकुर व्हायची. दर दोन तासांनी कुठल्यातरी गट ऑफिसातून फोन यायचा, "मॅडम, मेलं." मी म्हणायचे, "पासवर्ड टाका." पलीकडून, "टाकतो," आणि मग हळूच, "काय होता हो?" पण यादी भिंतीवर लागत होती, आणि पहिल्या महिन्यात ज्याची पाळी त्याचाच ऊस तुटत होता. लोकांना ते इतकं नवीन होतं की त्यात काहीतरी डाव असणार अशी गावात चर्चा होती.

मग एक दिवस केबिनचं दार वाजलं.

"कोण?"

"बापू."

"बापू कोण?"

हा प्रश्न त्या माणसाला आयुष्यात कुणी विचारला नसावा. बापू म्हणजे चेअरमनसाहेबांचा भाचा. पांढरे कपडे, दोन मोबाईल, बीडच्या रस्त्याला ट्रॅक्टरचं दुकान. कारखान्यात त्याला हुद्दा कुठलाच नव्हता, त्यामुळं त्याच्या अधिकाराला हद्दही नव्हती. त्यानं दाराबाहेरून पूर्ण नाव सांगितलं, आत आला आणि खुर्चीत बसला.

"सर, एक काम हाय. आमाला एक परमनंट टोकन करून द्या. सगळं करता यावं असं. ते दोन-दोन तासाचं लफडं नको."

"हुद्दा?"

"हुद्दा कशाला पायजे? आपली ओळख साऱ्या इलाक्यात हाय."

"इलाक्याला विचारून टोकन देता येत नाही. यादीत नाव लागतं."

बापू हसला. "तुमी मला वळखत न्हाई का?"

"चांगला ओळखतो," सर म्हणाले. "म्हणूनच विचारतोय."

बापू उठला. "बरं हाय. बघतो," म्हणाला आणि गेला. आमच्या जिल्ह्यात 'बघतो' या शब्दाचे अनेक अर्थ आहेत आणि त्यातल्या एकाचाही डोळ्यांशी संबंध नाही. मला धास्ती वाटली. सर मात्र खुशीत होते. त्यांनी त्या दिवशी स्वतःहून मला चहा पाजला.

आठवड्याभरात चेअरमनसाहेबांचं बोलावणं आलं. मी बरोबर गेले होते. साहेब कधीच मोठ्यानं बोलत नसत. त्यांनी सरांना शेजारी बसवून घेतलं, किटलीतला चहा स्वतःच्या हातानं कपात ओतून दिला आणि अगदी हळू म्हणाले, "मास्तर, ह्या माळावर पहिला दगड मी ठिवला. तवा तुमी एसटीत तिकिटं तपाशीत असाल. आन् आता तुमचं मशीन दर दोन तासाला मला इचारतंय, तू कोण? लोक बसलेले असत्यात समोर. बरं दिसतंय का?"

सासऱ्याची पावती फाडणारा हा माणूस, आता काय बोलतो म्हणून मी त्यांच्याकडं बघत होते. सरांनी चहाचा घोट घेतला.

"आपल्यासाठी हंगामभराचं करून देतो," ते म्हणाले.

साहेबांनी पुन्हा थोडा चहा ओतला.

परतीच्या गाडीत सरांनी खिडकीची जागा घेतली. मग म्हणाले, "महिन्याचे पास असतातच की. तसंच हे."

मी म्हटलं, "पासवर फोटो असतो, सर."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. कालव्याचं पाणी, उसाच्या बैलगाड्या.

जानेवारीत माझे काका क्लासवर आले. वडील गेल्यावर मला डिप्लोमापर्यंत शिकवलं ते या काकांनी. त्यांची मुलगी शिकली नाही, मी शिकले. सरांनी आतून "कोण?" विचारलं आणि काका म्हणाले, "मी." सर म्हणाले, "मी तर सगळेच..." आणि काका ओरडले, "आरं पोरीचा चुलता हाय, उघड की दार!" ते आले ते घामाघूम होऊन. त्यांच्या उसाची पाळी त्याच आठवड्यात होती. ऊसतोडीच्या टोळीशी बोलणं झालं होतं. सकाळी अप्पांच्या ऑफिसातली यादी बघायला गेले तर नाव दीड महिना पुढं गेलेलं.

"तुरा आलाय उसाला," काका म्हणाले. "हिरीत पाणी न्हाई. दीड महिन्यानं चिपाडं तोडायची का? अप्पा म्हंतोय, कॉम्प्युटरनं केलं, मला काय कळंना. पोरी, तू तितंच काम करतीस ना? एक बटन दाब, माझी माय."

ते बटण मला दाबता येत होतं. यादीत किरकोळ दुरुस्त्या करायचं टोकन मला दिलेलं होतं, चुकीचं नाव, चुकीचा गट असलं काही सुधारण्यासाठी. त्यातून पाळीही हलवता आली असती. मी कॉम्प्युटरसमोर बसले. सर माझ्या मागं येऊन उभे राहिले. मला वाटलं, अडवतील. त्यांनी अडवलं नाही.

"कर," ते म्हणाले. "तुझ्या नावानं नोंद राहील. कुणी केलं, कधी केलं, कुणासाठी केलं. पण उद्या बापूला नाही म्हणताना माझ्या शेजारी उभी राहू नकोस."

मला त्या क्षणी त्यांचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं. काका एकदा माझ्याकडं बघत होते, एकदा त्यांच्याकडं. मी बटण दाबलं नाही. पण निदान हे केलं कुणी ते तरी बघावं म्हणून नोंदींचं पान उघडलं. अकरा जणांची नावं मागं ढकललेली होती. दोघांची एकदम वर आली होती, आणि ते दोघं बापूच्या सासरवाडीचे आहेत हे काकांनी नावं ऐकताच सांगितलं. बदल करणाऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं, चेअरमन. सोमवार, सकाळी अकरा वाजून दहा मिनिटं.

सर खुर्ची ओढून बसले.

सोमवारी सकाळी अकरा वाजता चेअरमनसाहेब आमच्या खिडकीखाली होते. समोरच्या बसथांब्याच्या शेडचं उद्घाटन होतं आणि कर्ण्याच्या आवाजामुळं आम्हाला क्लास बंद ठेवावा लागला होता. पावणेबारापर्यंत साहेब बोलत होते. शेवटच्या माणसाला न्याय मिळाल्याशिवाय आपण स्वस्थ बसणार नाही, असं त्यांनी तीनदा सांगितलं होतं.

"एक माणूस एकाच वेळी दोन गाड्यांत बसत नाही," सर म्हणाले.

कुठल्या फोनवरून जोडणी आली तेही नोंदीत होतं. तो नंबर सरांनी आपल्या डायरीत बघितला. ट्रॅक्टरच्या दुकानाचा होता. साहेबांच्या ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून हंगामभराचं टोकन कुणीतरी उचलून नेलं होतं, आणि टोकन बिचारं, ज्याच्या हातात जाईल त्याला चेअरमन म्हणत होतं.

"यादी पहिल्यासारखी करा ना मग," मी म्हटलं.

"मला नाही करता येत. टोकन रद्द करायचा अधिकार माझा. पाळी बदलायचा कारखान्याचा. तुझं टोकनही नाव-गट सुधारण्यापुरतंच दिलेलं. तसं मीच लिहिलंय."

त्यांनी चेअरमनचं टोकन तिथल्या तिथं रद्द केलं. मग कोऱ्या कागदावर पत्र लिहिलं, 'आपले टोकन अन्य व्यक्तीच्या हाती गेल्याचे दिसल्याने रद्द केले आहे. कृपया पासवर्ड देऊन नवे घ्यावे आणि सोबतच्या नोंदी तपासाव्यात.' ते स्वतः कारखान्यात नेऊन दिलं, आवक नंबर टाकून घेतला. काकांना म्हणाले, "चार दिवस थांबा." काका मला एवढंच म्हणाले, "ह्याच्यापरीस तू मास्तरीण झाली आसतीस तर बरं झालं आसतं."

पत्र आवक नंबर घेऊन ट्रेमध्ये पडून राहिलं. चौथ्या दिवशी मुंबईहून एक मोठे अधिकारी कारखाना बघायला आले. खेड्यातल्या कारखान्यात यादी कॉम्प्युटरवर चालते हे त्यांनी ऐकलं होतं. सभागृहात पडदा लावला होता. संचालक, शेतकरी, पेपरवाले, सगळे होते. आम्ही मागच्या रांगेत. पुढं अप्पा हार घेऊन उभे होते. साहेब फेटा बांधून कॉम्प्युटरसमोर बसले आणि शिकवून ठेवल्याप्रमाणं उजव्या हाताच्या एका बोटानं बटण दाबलं.

पडद्यावर मोठ्या अक्षरांत आलं, 'हे टोकन रद्द झाले आहे. नाव आणि पासवर्ड देऊन आपली ओळख पटवावी.'

साहेबांनी पुन्हा दाबलं. पुन्हा तेच आलं.

"आवो, मी हाय की!" साहेब कॉम्प्युटरला म्हणाले. मागं कुणीतरी खोकलं.

"पासवर्ड टाका ना," अधिकारी म्हणाले.

साहेबांनी मान वळवली. "काय हाय बे पासवर्ड?"

बापू भिंतीला टेकून उभा होता. दोनशे माणसांच्या देखत तो पुढं आला, वाकला आणि टाकायला लागला. पहिल्यांदा चुकला. दुसऱ्यांदा पान उघडलं.

अधिकारी सज्जन होते. त्यांनी सहज विचारलं, "तुमचा पासवर्ड यांना माहीत असतो?"

"घरचाच हाय," साहेब म्हणाले.

मग अधिकाऱ्यांनी पडद्यावर दिसणारं 'नोंदी' हे बटण दाखवून ते काय म्हणून विचारलं. मागच्या रांगेतून सर उठले. मी त्यांची बाही धरली होती, ती त्यांनी सोडवून घेतली. "यात प्रत्येक बदल कुणी केला ते दिसतं," ते म्हणाले. "उदाहरणार्थ, सोमवारी अकरा वाजून दहा मिनिटांनी चेअरमनसाहेबांनी अकरा शेतकऱ्यांची पाळी मागं घेतली. आणि दोघांची पुढं." एवढंच बोलून ते खाली बसले. कुणाचं नाव नाही, आरोप नाही, आवाजही चढवला नाही.

साहेबांनी पडदा वाचला. सोमवारी अकराला आपण कुठं होतो हे त्यांना आठवलं असणार, कारण भाषण त्यांना नेहमी आठवायचं. त्यांनी बापूकडं बघितलं. बापू कपाळ पुसत होता. आपल्या नावाचा कारभार कोण चालवतं, हे साहेबांना सगळ्यांबरोबर त्याच मिनिटाला कळलं असं मला वाटलं. अजूनही वाटतं. पण त्यांनी चाळीस वर्षं राजकारण उगीच केलं नव्हतं. ते मोठ्यानं हसले.

"कॉम्प्युटरची चूक दिसती. नवीन हाय, व्हतंय. यादी व्हती तशी लावा."

टाळ्या पडल्या. यादी तिथंच, पडद्यावर, सगळ्यांसमोर पहिल्यासारखी झाली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं, 'संगणकाची चूक चेअरमननी जागेवर दुरुस्त केली.'

पुढच्या हंगामात काम आमच्याकडं राहिलं नाही. चुका करणारी व्यवस्था नको, असा ठराव संचालक मंडळात एकमतानं झाला. पुण्याच्या कुणा कंपनीला काम मिळालं. त्यांनी पहिली गोष्ट कोणती केली असेल, तर सगळ्या गट ऑफिसांना पुन्हा एकच पासवर्ड दिला. अप्पांनी मला तो फोनवर सांगितलासुद्धा, मी न विचारता. सरांचा क्लास आणखी तीन वर्षं चालला. मग त्यांनी तो बंद केला आणि बीडला एका कॉलेजात शिकवायला लागले. मी तोपर्यंत पुण्याला आले होते. आता ज्या ऑफिसात मी टोकनचं काम बघते, तिथं कुणाही मोठ्या माणसाला पंधरा मिनिटांपेक्षा जास्त मुदत मिळत नाही. लोक म्हणतात, बाई खडूस आहे.

पण सर म्हटलं की मला आठवतो तो काकांच्या उसात टोळी शिरली तो दिवस. काम जाणार हे तोवर कानावर आलं होतं. सर एसटीनं आले, फाट्यापासून चालत, आणि बांधावर येऊन उभे राहिले. कोयते चालले होते, मोळ्या पडत होत्या. काकांनी त्यांना बाभळीच्या सावलीत घोंगडीवर बसवलं आणि एक उसाचं कांडं सोलून हातात दिलं.

"माझं चुकलं होतं," सर म्हणाले. मी त्यांना असं म्हणताना पहिल्यांदाच ऐकत होते. "मी चहाला भुललो. नियम सगळ्यांना लावला आणि एका माणसाला सोडला. तुमचा ऊस त्यामुळं अडकला."

काकांना यातलं काही उमगलं नाही. ते मोकळेपणानं हसले.

"आवो तुमचं कशाला चुकंन? तुमचं मशीन चुकलं, बापूलाच साहेब समजलं, मशीनच ते. बरं झालं साहेब व्हते. काल आमी अकराजण गेलतो, शाल-नारळ देऊन आलो त्यास्नी. लई देवमाणूस! म्हणले, कायबी आडलं तर सरळ माझ्याकडं यायचं."

सरांच्या हातातलं कांडं तोंडापाशीच थांबलं. मी दुसरीकडं बघायला लागले.

काका जरा पुढं सरकले आणि आवाज खाली आणून, अगदी आपलेपणानं म्हणाले, "पोरगी सांगत व्हती, तुमचं कारखान्याचं काम जातंय म्हणून. तुमी घाबरू नका. आता आपली साहेबाशी ओळख झालीया. तुमच्यासाठी एक शब्द टाकू का?"

सरांनी काकांकडं बघितलं. हाताकडं नाही, चेहऱ्याकडं, चांगलं निरखून. मग ते हसायला लागले. मी त्यांच्याकडं दोन वर्षं काम केलं होतं आणि त्यांना हसताना कधी बघितलं नव्हतं. ते इतके हसले की टोळीतल्या बायका कोयते थांबवून बघायला लागल्या. काकाही, कशाला ते न कळता, त्यांच्याबरोबर हसत होते.

"टाका," डोळे पुसत सर म्हणाले. "टाका, एक शब्द टाका."

आणि ते ऊस खायला लागले.